रजिस्टरातली अमावस्या

हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. आई बाजारातून आली की सांगू द्यायची नाही. बाबांचा हिंदी टाइपरायटर मोकळा आहे, पण मला त्याची सवय नाही, चुका होतील, चालवून घ्या.

काल कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लागली. नवा कायदा आलाय हे कानावर होतं, पण त्यात आपण अडकू असं वाटलं नव्हतं. आता प्रत्येक डिग्रीच्या कोर्सला नव्याने मान्यता हवी, आणि आमच्या भूगोल ऑनर्सला ती मिळालेली नाही. ज्यांचं नाव दोन वर्षांपूर्वीच्या एका ठरलेल्या तारखेपर्यंत रजिस्टरात चढलं, त्यांना जुन्या नियमाने डिग्री. बाकीच्यांनी दुसरं कॉलेज शोधायचं, पुन्हा पहिल्या वर्षापासून.

तारीख वाचली आणि लगेच ओळखली. त्या दिवशी अमावस्या होती. कसं विसरीन? प्रवेशाची सही करायला मी चपला घालून निघालेच होते आणि आईने दारातून परत फिरवलं होतं. अमावस्येला कुणी कॉलेजात नाव घालतं का, म्हणाली. मग मी दुसऱ्या दिवशी गेले. एका दिवसाने हुकले!

दोन वर्षं झालीत माझी. नव्याने तीन वर्षं कोण शिकू देणार? आत्याने नागपूरहून दोन स्थळं कळवलीसुद्धा आहेत.

घरी सांगितलं तेव्हा आई जेवलीच नाही. आज सकाळी माझ्याबरोबर निघाली. एस्प्लनेडला ट्राम बदलली, पार बागबाजारला कॉलेजात पोचलो.

ऑफिसात बडोबाबू, म्हणजे आमचे बंगाली हेडक्लार्क. आईने तिच्या मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, पोरीची नाही, म्हणाली. अमावस्येचं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"अमावस्या तर आमच्या मा कालीची तिथी, दीदी. तिला काय घाबरता?"

आई हसली नाही. मीही नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट खाली खाली सरकत माझ्या सहीवर थांबलं. सहीपुढे माझ्याच अक्षरात दुसऱ्या दिवसाची तारीख. मग त्यांनी पानाचा वरचा कोपरा बघितला, नियमांचा कागद काढला, दोनदा वाचला.

इथे मोठी माणसं मुलींना 'मा' म्हणतात. तसंच म्हणाले, "सही उशिरा केलीस, मा. पण मंजूर झालेली सगळी नावं मी आदल्या दिवशीच चढवून ठेवली होती. पानावर तारीख आहे. नियमात सहीचं काही नाही, नाव चढल्याचं आहे."

आणि जुन्या नियमाच्या यादीत माझं नाव लिहिलं. ते आत जाऊन प्रिन्सिपॉलांची सही आणेपर्यंत मी तिथेच उभी.

आईने मला हळूच मराठीत विचारलं, "म्हणजे तुझं नाव अमावस्येलाच लागलं?"

मी मान हलवली. परतीच्या ट्राममध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. घराजवळ, बालीगंज आल्यावर एवढंच म्हणाली, "आत्याला यातलं काही कळवू नकोस."

आत्याला नाही कळवत. पण तुम्ही वाचणाऱ्यांनी सांगा ना, तुमच्या घरी दिवस बघण्याच्या नादात कुणाचं असं काही अडकलं होतं का? आणि सुटलं का?