न तुटणारी संख्या

आमच्या पाणीखात्यात मीटर वाचणाऱ्या एका गृहस्थांना सगळे ‘गणिती’ म्हणायचे. मीटरचा आकडा वहीत उतरवला की ते घरातल्या बाईंना सांगायचे, "वहिनी, तुमचा आकडा तेरानं पुरता भागला जातो बरं का!" त्या बिचाऱ्या घाबरायच्या, वाटायचं, मीटर बिघडला.

त्यांचा जीव मात्र एकाच संख्येत अडकला होता : १०२२११७. नोकरीत वाचलेल्या पहिल्या मीटरवर कोरलेला हा क्रमांक. आठ महिने जेवणाच्या सुट्टीत ते त्याचे भागाकार करत बसले होते. जुन्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटी हजारापर्यंतच्या मूळ संख्यांची यादी होती, एकशे अडुसष्ट. प्रत्येकीनं भागून पाहिलं, दर वेळी बाकी उरली. "मूळ संख्या आहे," त्यांनी जाहीर करून टाकलं. "एक आणि ती स्वतः, बाकी कुणाला दाद देत नाही."

निवृत्तीच्या समारंभातही त्यांनी हेच सांगितलं. पहिल्या रांगेत त्यांची थोरली बहीण बसली होती. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा घरी कुणीतरी हवं म्हणून ताईंची शाळा सुटली. पुढचं आयुष्य कारखान्यात शर्टांच्या कॉलर शिवण्यात गेलं. त्या सहज बोलून गेल्या, "अरे, ही तर एक हजार अकराच्या वर्गाला चार कमी आहे. तुटेल की."

गणिती माईकवरच म्हणाले, "ताई, हे कॉलर शिवण्याइतकं सोपं नाही गं."

सभागृह हसलं. मीही हसलो. ताईंनी हातातल्या रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

घरी जाऊन गणितींनी कागद ओढला. १०११ चा वर्ग १०२२१२१. त्यातून चार गेले, तीच संख्या. चार म्हणजे दोनाचा वर्ग. वर्गातून वर्ग वजा केला की दोन तुकडे पडतात, हे शाळेतल्या पोरांनाही येतं. एकदा दोन मिळवले, एकदा वजा केले : १०१३ आणि १००९. गुणाकार तंतोतंत जुळला. १००९ ही तर हजारानंतरची पहिलीच मूळ संख्या. यादी संपली तिथे ते थांबले होते. त्यांना चुकल्याचं एवढं नाही, त्या हशाचं वाईट वाटलं.

सकाळी ते ताईंकडे गेले. ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या.

"ताई, तू बरोबर होतीस."

"माहीत आहे."

"इतक्या पटकन कसं दिसलं तुला?"

"मशीनवर हात चालतात, डोकं रिकामंच. वर्ग करत बसायचे. हजार तर कधीच मागे पडले."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"चुकलं माझं," गणिती म्हणाले.

"आकडा चुकला त्याचं काही नाही रे. चारचौघांत माझ्या कामाला हिणवलंस, ते लागलं. आणि तुझ्याबरोबर हसले त्यांना कोण सांगणार?"

त्याच दुपारी ते कार्यालयात आले. चहाच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी आम्हाला सगळा हिशोब वाचून दाखवला. आमचे हेडक्लार्क म्हणाले, "जाऊ द्या हो. एका आकड्यानं कुणाचं पाणी तोडलं का?"

"आकड्याचं नाही सांगत," गणिती म्हणाले. "बहिणीचं सांगतोय."

मी कपात पाहत राहिलो.

हल्ली ते दर आठवड्याला ताईंकडे जातात. ताई संख्या फोडतात, हे शेजारी बसून पाहतात. परवा वाटेत भेटले तेव्हा मी विचारलं, "ताईंनी माफ केलं ना?"

"तिनं त्याच दिवशी केलं. मलाच अजून जमत नाही," ते म्हणाले, आणि माझी नजर चुकवून चालू लागले.