दाजींच्या भिंतीवरचं पिवळं लेबल

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. "तुझे दाजी गेले रे... झोपेतच," ताई म्हणाली, आणि वर मलाच सावकाश यायला सांगितलं. आता दीड महिना झाला. लिहायला बसलोय तर डोळे भरून येण्याआधी हसूच येतंय, आणि दाजींना तेच आवडलं असतं.

दाजी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. हातात माप घेऊन जन्माला आलेला माणूस. मलाही त्यांनीच तिथं चिकटवलं आणि मी बनवलेल्या पार्टची पहिली लॉट त्यांनीच रिजेक्ट केली, तीही शॉपमधल्या सगळ्या कामगारांसमोर. माप किंचित चुकलेला, पण चालून जाईल असा पार्ट कारण लिहून पिवळ्या लेबलवर पास करता येतो, त्याला कंपनीत डेव्हिएशन म्हणतात. दाजींनी नोकरीभर तसली सही केली नाही. घरी ताईची पोळीही ते निरखून बघत, फक्त बोलायची हिंमत नव्हती.

चिखलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. हॉलची एक भिंत वंदनेच्या तसबिरींची, बाकीच्या तीन स्वतः काढलेल्या फोटोंच्या. बसमध्ये एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली फर्स्ट शिफ्ट, बाजारात कांद्याच्या गोण्यांवर बसून डबा खाणारी बाई, खालच्या मजल्यावरचे कांबळेकाका गालाला साबण लावून. फ्रेम लावताना पट्टी, पेन्सिल, बुडबुड्याची स्पिरिट लेव्हल सगळं निघायचं आणि मी स्टूल धरून उभा. केसभर वाकडी दिसली की खिळा उपटायचा. फ्रेमच्या मागे कंपनीसारखंच हिरवं ओके लेबल आणि सही. नापास फोटो लाल लेबल लावून पेटीत.

आपल्याकडे भिंतीवर फ्रेममध्ये माणूस दिसला की तो गेलेलाच असतो. लातूरहून आलेल्या आमच्या आत्यानं कांबळेकाकांच्या फोटोला हात जोडले आणि हळूच विचारलं, कधी गेले बिचारे. दाजी शांतपणे म्हणाले, "गेले न्हाईत, आत्या. तुमच्याशेजारी चहा पितायत." काकांच्या नाकातून चहा आला.

ताई-दाजींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आम्ही खेडला, भीमेच्या काठी डबे घेऊन गेलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. मी बटण दाबायला आणि त्यांचा पाय चिखलात रुतायला एकच गाठ पडली. फोटोत दाजींच्या हातात एक चप्पल, डोकं कपाळापासून वर कापलेलं, सगळंच हललेलं. मी तो काढून टाका म्हणालो. आठवड्यानं बघतो तर हॉलच्या मधोमध! येईल त्याला दाजी सांगत, हा मेव्हण्यानं काढलाय. लॉटसारखीच ही पण सगळ्यांसमोर फजिती, असंच मला वाटे. मनाला लागलं ते लागलंच, पुन्हा मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. तो फोटो उतरवा म्हणून कितीदा विनवलं, पण दाजी एवढंच म्हणत, "राहू दे राव."

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दाजींच्या स्मरणाच्या कार्यक्रमासाठी त्यांचा फोटो हवा होता. सगळे फोटो त्यांनीच काढलेले, त्यामुळे अलीकडच्या काळातले ते स्वतः होते फक्त कंपनीच्या ओळखपत्रावर आणि माझ्या त्या फोटोत. ओळखपत्राचा मोठा करून घेऊ असं मी ठरवलं, आणि पाहुणे यायच्या आत माझा फोटो आत ठेवावा म्हणून फ्रेम उतरवली. सहज उलटी केली... मागे पिवळं लेबल होतं. दाजींचं टपोरं अक्षर: "डेव्हिएशनमध्ये पास. दोष: डोकं कापलं, हललाय. कारण: ही अशी हसलेली दुसऱ्या कुठल्याच फोटोत न्हाई." खाली सही.

फ्रेम सुलटी करून मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा फोटोतल्या ताईकडे बघितलं. चिखलातल्या नवऱ्याचा दंड धरून ती तोंड भरून हसत होती. मी त्या फोटोत फक्त माझी चूक बघत आलो होतो. मी तिथंच स्टुलावर बसून रडलो, आणि मग लेबल ताईला दाखवलं.

कार्यक्रमाला तोच फोटो ठेवला. आत्यानं वरचं डोकं कुठंय म्हणून विचारलंच, तर कांबळेकाकांनी तिला सगळी गोष्ट सांगितली आणि त्या दिवशीही घरात हसू झालं.

संध्याकाळी फ्रेम पुन्हा जागेवर लावायला मीच स्टुलावर चढलो. दाजींची लेव्हल वर धरली. बुडबुडा काही केल्या मध्ये येईना. खिळा उपटायला पक्कड मागितली, तर स्टूल धरून उभी असलेली ताई खालून म्हणाली,

"राहू दे राव."