मागची सीट

कुठलीही वस्तू हातात आली की आमच्या गावचे दादा ती तळहातावर घ्यायचे, दोनदा झेलायचे आणि म्हणायचे, "जड हाय, गड्या."

आष्ट्यात माझं शिलाईचं दुकान होतं. तिथं येऊन बसले की कात्री झेलून बघायचे, दोऱ्याचं रीळ झेलायचे, एकदा तर मी चहा दिला तेव्हा आधी कपबशीच झेलली. चहा निम्मा सांडला. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात. आम्ही सगळा गाव हसायचो.

ते विमानदलात फिटर होते. नोकरीत असताना एका क्लबात विमान उडवायलाही शिकले होते. पेन्शन घेऊन गावी आले आणि उसाच्या फडाकडेच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचं विमान बांधायला घेतलं. सत्तर-एकाहत्तर सालचा सुमार असेल. सांगाडा नळ्यांचा, इंजिन भंगारातून आणून दुरुस्त केलेलं, पंखांना लाकडी बरगड्या आणि त्यावर कापड. ते कापड मी शिवलं. वरून ते कसलंसं औषध फासायचे. वाळलं की कापड हलगीसारखं ताठ व्हायचं.

वजनाचं त्यांना वेडच होतं. पायानं दाबायच्या पट्ट्यांना भोकं पाडली, दांड्यांची टोकं कापली, खिळ्यांची डोकीसुद्धा कानशीनं घासली. मी गमतीनं म्हटलं, "दादा, तुमच्या मिशा किती भरतील?" दुसऱ्या दिवशी मिशा उतरवून दुकानात हजर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि असा माणूस एके दिवशी मागच्या सीटचं माप घेऊन आला. म्हणाला, "टेलर, गादी शिवायची. कापूस चांगला दाबून भरा."

"जड होईल की, दादा."

"हूं दे."

मग सुरूच झालं. मागच्या सीटपुढं धरायला दांडी बसली. वारा लागून पदर उडू नये म्हणून काच बसली. पायाशी गाठोडं ठेवायला पेटी आली. पुढं, जिथं ते स्वतः बसणार, तिथं नुसती फळी होती. तेव्हा मला कळलं, की हे सगळं वहिनींसाठी चाललंय.

वहिनी माहेरी होत्या, कवठे महांकाळला. घरात पैसा टिकेना, माणूस दिवसभर शेडमध्ये, तेव्हा एक दिवस भांडण झालं आणि त्या निघाल्या. एस्टीत चढता चढता रागानं म्हणाल्या, "आता न्यायला याचं तर इमानातनंच या." रागातलं बोलणं, आपण विसरून जातो. यांनी ते उचलून धरलं. मी कितीदा समजावलं. आष्ट्याहून सांगली, सांगलीहून कवठे, दोन गाड्या बदलल्या की माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "येवढं बोलली ती. आता एस्टीनं कुठल्या तोंडानं जाऊ?"

उन्हाळ्यात माळावर चाचणी झाली. मागच्या सीटवर वहिनींच्या वजनाचं जोंधळ्याचं पोतं बांधलं होतं. इंजिन गरजलं, विमान धुरळा उडवत पळालं, चाकं जरा उचलली आणि पुन्हा टेकली. परत पळवलं, परत टेकली. त्यांचे विमानदलातले एक जुने सोबती उंब्रजहून मुद्दाम आले होते. त्यांनी सगळीकडून फिरून बघितलं आणि सांगितलं, "मागची सीट काढ. काच, पेटी, समदं काढ. मग बघ कसं उडतंय."

दादा पंखाला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "आन मोकळं इमान घिऊन तिच्या दारात जाऊ व्हय?"

आम्ही त्यांच्यावर हसत होतो खरे, पण त्या माणसाएवढा एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढं एका लग्नासाठी मी कवठ्याला गेलो, तेव्हा मुद्दाम वहिनींकडे गेलो. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. गादीचं, काचेचं सगळं सांगितलं. "खरंच बांधलं?" म्हणून आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "आवं भावजी, मी दुपारची गाडी बगती रोज. त्यांस्नी सांगा, एस्टीनं आलं तरी चालंल."

मी गावी परतलो तो थेट शेडवर गेलो आणि निरोप सांगितला. त्यांचा चेहरा असा फुलला, की वाटलं, हे आता टोपी घालून स्टँडवर निघणार. पण त्यांनी हातातला पाना दोनदा झेलला. "येती म्हणली? मग झालंच की, गड्या. थोडंच वजन ऱ्हायलंय." आणि परत कानस घेऊन बसले. यापुढं त्या माणसाला काय सांगायचं?

दिवाळीनंतर त्यांना कावीळ झाली. अंगावर काढली. सांगलीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिथून ते परत आले नाहीत.

निरोप गेला तशा वहिनी आल्या. एस्टीनंच आल्या.

दिवसकार्य उरकल्यावर त्या मला म्हणाल्या, "ते इमान दावा की." मी शेडचं दार उघडलं. त्यांनी पंखावरनं हात फिरवला, काच पदरानं पुसली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन मागच्या सीटवर चढल्या. गादी दाबून बघितली.

"तुमी शिवली?"

"होय."

मग त्यांनी विचारलं, "माज्यामुळं जड झालं, व्हय?"

"नाही, वहिनी," मी म्हटलं. "इंजिन कमी पडलं."

त्यांनी मान हलवली. समोरच्या रिकाम्या फळीकडं बघत त्या बसून राहिल्या. शेडमध्ये वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. तरी त्यांनी पदर घट्ट खोचून घेतला आणि दोन्ही हातांनी दांडी धरली.