परत आलेल्या स्प्लिंट्स

छावणीतल्या आमच्या क्लिनिकमध्ये कुत्र्यांची फिजिओथेरपी होते, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, "एखादा किस्सा सांग ना." किस्से लई साठलेत. पण ज्या कुत्र्याला पायाला आधार देणारी स्प्लिंट लागू पडते ते चालत घरी जातं, त्याचा किस्सा होत नाही. किस्सा होतो तो स्प्लिंट परत आली की.

त्या स्प्लिंट्स मी बनवते. आधी माणसांच्या बनवायचे. पायाचं प्लास्टरमध्ये माप घ्यायचं, प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून त्या मापावर बसवायची, आतून फोम, बाहेरून पट्टे. डॉक्टर म्हणजे शिरीन मॅडम. त्या कुत्र्यांशी दख्खनी उर्दूत बोलतात आणि मालकांशी मराठीत.

*

एका लॅब्राडोरला नवी स्प्लिंट बसवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या मालकीणबाईंचा फोन. "ताई, एक पट्टा त्यानं खाल्ला. पायाचं दुसरं माप घ्याल की आधी पोटाचं बघाल?"

आधी पोटाचं बघावं लागलं. ऑपरेशन झालं, कुत्रा वाचला. त्यानंतर बाईंनी पायाला काहीच बांधू दिलं नाही. अजून लंगडतो. वजन मात्र वाढलंय.

*

एक रिटायर झालेले काका होते. घरात ते आणि त्यांची पामेरियन, पिंकी. पिंकीच्या मागच्या पायाची टाचेवरची तुटलेली शीर ऑपरेशन करून जोडलेली होती, स्प्लिंट काढायची नाही असं मॅडमनी बजावून सांगितलं होतं. काकांनी मान डोलवली.

पिंकी परत आली तेव्हा शीर पुन्हा तुटलेली. स्प्लिंट कोरी करकरीत.

मॅडम चिडल्या. "काका, लावलीच नाही का?"

"लावायचो. ती रडायला लागली की काढायचो."

"रडली तर रडू द्यायचं होतं."

काका पिंकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, घरात दुसरं कुणी बोलत नाही हो."

*

आमची आई. तिचं मनगट धुणंभांडी करून गेलंय. रोज म्हणायची, "पोरगी जगाच्या कुत्र्यांचे पाय धरती, आईचा हात दिसत नाय तिला." म्हणून उरलेल्या शीटमधून तिला एक स्प्लिंट करून दिली. ती घालून ती विहारात गेली. सगळ्या बायांनी विचारलं. हिनं ठसक्यात सांगितलं, "कुत्र्याच्या दवाखान्यातली हाय."

घरी आल्यावर मी विचारलं, "बरं वाटतंय का हाताला?"

"हात दुखतोयच," आई म्हणाली. "पण लोक विचारतात तरी."

*

बिडकीनकडच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत, गायकवाड दादा. गेटवरचं भटकं कुत्रं त्यांनी पोत्यात गुंडाळून शेअर जीपमधून आणलं होतं. पुढचा पंजा आत वळलेला. स्प्लिंट लावल्यावर ते असं ऐटीत चाललं की दादांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला, सगळ्यांना दाखवला.

पुढच्या खेपेला दादा एकटेच आले. हातात स्प्लिंट, धुऊन पुसून स्वच्छ केलेली.

"गाडीखाली गेलं," म्हणाले. "ही चांगली हाय अजून. दुसऱ्या कुत्र्याला व्हईल ना?"

एकाच्या पायावर बनवलेली स्प्लिंट दुसऱ्याला होत नाही. मी म्हणाले, "होईल की, दादा." ते समाधानानं गेले. ती स्प्लिंट कपाटात आहे.

*

आणि गंगापूरकडचे सखाराम मामा. मेंढरं राखतात. त्यांच्या राखणीच्या कुत्र्याचा, भुऱ्याचा, पुढचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली आला होता. हाड जुळलं, पण पायाची नस गेली होती. पाय लुळा लोंबायचा. नस परत येईल या आशेवर आम्ही स्प्लिंट लावली. आम्ही सांगितलं तसं मामांनी सगळं केलं. भुऱ्याला घरी ठेवलं, रोज पट्टे सोडून पाय पुसला, पुन्हा बांधला. एवढं नीट करणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता.

शेवटच्या तपासणीला मॅडमनी पंजा चिमटून पाहिला. भुऱ्या शांतपणे दुसरीकडेच बघत होता.

"मामा, नस मेलीये," मॅडम म्हणाल्या. "हा पाय आता चालणार नाही. स्प्लिंटचा उपयोग नाही. काढून टाकू."

मामांना ते आधीच कळलं होतं बहुतेक. मी पट्टे सोडायला खाली वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे, बाई."

"मामा, पाय नाही सुधरायचा त्यानं," मी म्हणाले.

"ते समजलं. पण पट्टी बांधली की ते आपणहून खाली बसतं. त्याला वाटतं आज सुट्टी हाय. पट्टी काढली की उठून मेंढरांमागं निघतं. वेशीपर्यंत येतं, पडतं, आन् तिथनं माझ्याकडं बघतं." मामांनी भुऱ्याच्या मानेवर हात ठेवला. "रोज त्याला काय सांगू मी, का नेत नाय म्हणून?"

मी मॅडमकडे पाहिलं.

"सैल बांध," त्या म्हणाल्या.