नऊ नंबरच्या खोलीतली चादर

वृद्धाश्रमात तिला सगळे मावशी म्हणत. मॅनेजर साहेब वयाने तिच्याहून मोठे, पण तेही मावशीच म्हणत. एकवीस वर्षं तिने परक्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढलं आणि कधी नाक मुरडलं नाही. सकाळी देवाचं नाव घ्यायचं, बाह्या सरसावायच्या आणि कामाला लागायचं, एवढंच तिला ठाऊक.

नऊ नंबरच्या खोलीत हेडबाई होत्या. एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, वय शहाऐंशी. पायांतलं बळ गेलेलं, जीभ मात्र शाबूत. मावशी सुपाचा वाडगा घेऊन आत गेली की भांडणाला तोंड फुटायचं. चादर ताणलेली नाही, सूप पाणचट आहे, खिडकी कुणाला विचारून उघडली. मावशीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. ती शब्दाला शब्द द्यायची आणि मध्येच एक चमचा बाईंच्या तोंडात सारायची. भांडण संपायच्या आत वाडगा रिकामा. मग बडबडत बडबडतच ती बाईंना कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, पावडर लावायची. बाई हातवारे करत, त्यामुळे चादरीवर सूप सांडायचंच. वर त्याचाही ठपका मावशीवर.

मग ते यंत्र आलं. कमरेएवढं उंच, पांढरंशुभ्र, गोल तोंडाचं, डोळ्यांच्या जागी निळे दिवे. माणसाचा चेहरा पाहून आणि आवाज ऐकून त्याच्या मनातलं ओळखतं म्हणे. “तुम्ही आज उदास दिसता, आपण बोलूया का?” असं ते साखरेच्या पाकातल्या आवाजात विचारी. कामावरच्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव गोडबोली ठेवलं. प्रत्येक खोलीत एक एक आणून उभं केलं, आणि ज्या खोलीतलं माणूस खूश ती खोली मॅनेजर साहेबांच्या पडद्यावर आणि दारावरच्या दिव्यात हिरवी, नाखूश ती लाल.

आठ दिवसांनी साहेबांनी मावशीला बोलावून पडदा दाखवला. नऊ नंबर रोज सकाळी आठ ते साडेआठ लालभडक. तुम्ही गेलात की बाईंना त्रास होतो मावशी, हे मी म्हणत नाही, यंत्र म्हणतं, असं साहेब म्हणाले.

मावशीला ते लागलं. एकवीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. खरंच आपली जीभ फार चालते की काय, असं वाटून दुसऱ्या दिवसापासून ती गोड वागायला लागली. हो बाई, बरं बाई, चुकलं बाई. हेडबाईंनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी चमचा हाताने अडवला आणि दबक्या आवाजात विचारलं, “डॉक्टर काही बोलले का गं? मी मरायला टेकले का?”

मावशीला हसू आवरेना. ती हसली तशा बाई भडकल्या, आणि खोली पुन्हा लाल झाली. त्याच आठवड्यात मावशीची बदली तळघरातल्या धुलाईत झाली.

देवाने माणसाला चेहरा दिला, तशी मनातलं चेहऱ्यावर न येऊ देण्याची अक्कलही दिली. हेडबाई परक्यांशी फार सभ्य वागत. त्यांचा राग घरच्या माणसांपुरता. आता त्या दिवसभर बरं म्हणत, चालेल म्हणत, नवी नर्स भरलेलं ताट तसंच उचलून नेई तेव्हा आभार मानत. नऊ नंबर हिरवागार. बाईंच्या मुलीला दूरगावी रोज फोनवर निरोप जाई, आई समाधानी आहे. तीही बिचारी निर्धास्त. आणि हिरव्या खोलीला काही लागत नाही, म्हणून तिथल्या नर्सच्या फेऱ्या दिवसाला आठाच्या तीन झाल्या.

खाली धुलाईत गाठोडी यायची, त्यावर खोलीचा नंबर. नऊ नंबरची चादर मावशी नेहमी स्वतः उलगडायची. पहिल्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, सुपाचा डाग नाही. दुसऱ्या आठवड्यात चुरगळलेलीही नाही, जणू वर कुणी हललंच नाही. सोबतच्या बाईने चेष्टा केली, अगं, बरंच की, साबण वाचला. तिसऱ्या सोमवारी चादरीच्या मधोमध पिवळट, कडेला तांबूस असा एक ओला डाग दिसला. मावशीने तो नाकाशी नेला आणि तशीच ओल्या हातांनी जिना चढली.

हेडबाई भिंतीकडे पाहत पडल्या होत्या. गाल बसले होते. मावशीने काही न विचारता त्यांना कुशीवर घेतलं. कमरेखाली, माकडहाडाशी, एकसारखं पडून पडून तळहाताएवढी जखम झाली होती. मावशीच्या तोंडून देवाचं नाव निघालं. तेवढ्यात मागून गोड आवाज आला, “तुम्ही चिडलेल्या वाटता. आपण मिळून दीर्घ श्वास घेऊया.”

हेडबाईंनी हळूच मान वळवली. मावशीला पाहिलं.

“कुठे मेली होतीस?” त्या म्हणाल्या. “आधी त्या कारट्याला भिंतीकडे तोंड करून उभं कर. मग माझं बघ.”

खोली लाल झाली तसे साहेब धावत आले. धुलाई सोडून वर कशी आलात, असं विचारणार होते, पण मावशीने पांघरूण बाजूला केलं आणि त्यांची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. जखम पाहून दाराबाहेर जाऊन रडली, मग आत येऊन लेखी देऊन गेली की आईच्या खोलीत यंत्र नको, मावशी हवी. कंपनीचा माणूसही आला. त्याला शरम नव्हती, उलट आनंदच झालेला. तुम्ही कसं ओळखलंत ते महिनाभर कॅमेऱ्यासमोर करून दाखवा, पुढच्या यंत्रात घालू, मग अशी चूक होणार नाही, असं म्हणाला. वरच्या मजल्यावर कायमची ड्युटी देऊ, असं साहेबांनीही सुचवून पाहिलं.

“ज्यानं बाईंना उपाशी ठेवून समाधानी म्हटलं, त्याच्या तोंडी माझे शब्द घालू?” मावशी म्हणाली. “आणि मग बाई भांडणार कुणाशी, माझ्याशी की त्याच्याशी?”

कंपनीचा माणूस हसला आणि बॅग उचलून गेला. बाकीच्या खोल्यांतली यंत्रं राहिली. मावशीला फक्त नऊ नंबर मिळाला, तोही सकाळी दोन तास. बाकी वेळ धुलाई. बाईंची जखम भरायला अडीच महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. या वयात भरलीच तर.

एके दिवशी सूप भरवून, जखमेवरची पट्टी बदलून, शिव्या खाऊन मावशी बाहेर आली. चार नंबरच्या दारावर हिरवा दिवा होता. आत एक म्हातारे शिंपीकाका राहत, महिनाभर सगळ्याला बरं म्हणणारे. तिथे जायची तिला परवानगी नव्हती. मावशीने दार ढकललं, “काका, जरा कुशीवर व्हा बघू,” म्हणाली, आणि त्यांच्या पाठीखाली हात घातला.