बिननावानं लिहिलेलं

आमच्या रिसोडला उन्हाळ्यात पापड एकटीनं कोणी लाटत नाही. निदान आमच्या गल्लीत तरी नाही. आज हिची गच्ची, उद्या तिची. उन्हं चढायच्या आत बसायचं, पोळपाट-लाटणं आपापलं न्यायचं, आणि जिचे पापड तिनं सगळ्यांना चहा पाजायचा. एवढाच काय तो कायदा. आणखी एक कायदा होता, पण तो कोणी बोलून दाखवत नव्हतं. पापडाचं पाणी चाखायचं ते माझ्या मैत्रिणीनंच.

मीठ आणि पापडखार पाण्यात उकळतात आणि ते पाणी निवलं की त्यात पीठ भिजवतात. पाण्यात चूक झाली की अख्खं पीठ गेलं, मग कितीही पातळ लाटा. माझी मैत्रीण चमचाभर पाणी जिभेवर घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, ‘चिमटभर टाक,’ नाहीतर ‘झालं.’ तिचं ‘झालं’ आलं की आम्ही पिठात हात घालायचो. पंचेचाळीस वर्षं हे असंच चाललं. आम्ही दोघी एकाच साली या गल्लीत नवऱ्या होऊन आलो. तिचं दार माझ्या दारासमोर. भांडलो तेही दारातूनच.

तर मागच्या उन्हाळ्यात सगळ्यात आधी माझे पापड झाले, आणि ते खारट झाले. नुसते खारट नाही, तळले की लाल पडायचे. मी लेकीच्या सासरी डबा भरून पाठवला होता. विहीणबाईंचा फोन आला. हसत हसतच म्हणाल्या, ‘तुमच्या रिसोडले मीठ फुकट भेटते का वो विहीनबाई?’ मीही हसले. पण फोन ठेवल्यावर मला इतका राग आला, इतका राग आला, आणि तो विहिणीचा नव्हता, मैत्रिणीचा होता. दुसऱ्या घरचे पापडही तसेच निघाले. सगळ्यांना कळलं होतं. बोलली एकही नाही. पंचेचाळीस वर्षांच्या ‘झालं’ला कोण म्हणणार, की बाई, झालं नाही?

त्याच आठवड्यात मैत्रिणीची सून माझ्याकडे विरजण मागायला आली. ही पोरगी केनवडची, बारावी शिकलेली, बोलायला कमी. सासर-माहेरचं जे काही असेल ते माझ्याच ओट्यावर येऊन सांगायची. त्या दिवशी वाटी हातात धरून उभीच राहिली, आणि डोळ्यांत पाणी.

‘मावशी, आईची चव गेली. भाजी तोंडात घालवत नाई. त्यायले समजतच नाई का मीठ दोनदा टाकलं म्हणून.’

‘मंग सांगत काहून नाईस?’

‘जिवाले लावून घेतीन त्या. मी त्यायच्या मांगून दुसरी भाजी करतो. आमच्या यायच्या ताटात दुसरी वाढतो. त्यायनं केलेली थोडी मी खातो, बाकीची मांगच्या दारानं टाकतो. कोनाले सांगू नका, मावशी. तुमाले माही शपथ.’

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, जा, माझ्या पोटात राहील. खरंच तसं वाटलं होतं मला.

मग सुटीत माझी नात आली. वाशिमला कॉलेजात आहे. आली तशी माझा फोन घेऊन बसली आणि म्हणाली, ‘आजी, तुझ्या स्टेटसला एक गंमत टाकते.’ गंमत अशी, की तिथे बोट लावलं की एक चौकट उघडते. त्या चौकटीत तुझ्याबद्दल ज्याला जे वाटतं ते त्यानं लिहायचं, आणि ते तुला पोचतं, पण नाव पोचत नाही. ‘आमच्या हॉस्टेलमध्ये सगळ्यांकडे आहे,’ म्हणाली.

मी म्हटलं, मला कोण काय लिहिणार. पण दुपारपर्यंत चार वेळा फोन उघडून पाहिला. चौथ्या वेळी आलेलं होतं! ‘तुमचं हसणं कोणाला तरी फार आवडतं.’ आता खोटं कशाला सांगू, सहासष्टाव्या वर्षी मी आरशासमोर जाऊन हसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी ते सगळ्यांना दाखवलं. आमच्यात एक बांगड्यांच्या दुकानवाली आपा येते, तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, ‘मले बी दाव, मले बी लावून दे वो पोरी.’ मग नातीनं सगळ्यांच्या फोनवर ते ॲप टाकून दिलं, मैत्रिणीच्याही. तासाभरात आपा ओरडली, ‘अय्या! मले बी तेच आलं. हसनं आवडते म्हने! हा कोन आशिक हाय बाप्पा, पूरी गल्लीवर मरून राह्यला!’

नात हसून लोळायची बाकी राहिली. म्हणाली, ‘आजी, ते कोणी नाही लिहिलं. काही आलं नाही की मशीनच पाठवते. नाहीतर तुम्ही ॲप काढून टाकाल ना.’

आम्ही हसलो खरं. पण ॲप कोणी काढून टाकलं नाही. मशीन तर मशीन, आपल्याबद्दल बोललं ना कोणी. आमच्या वयाच्या बाईला कोण सांगतं, की तुझं हे बरं आहे म्हणून? पोरं विचारतात गोळी घेतली का, सुना विचारतात भात लावू का. तू कशी आहेस, हे सांगणारं कोणी उरत नाही. तरण्या पोरींचंही तेच असेल. त्या चौकटीत काय येईल याची वाट पाहण्यात एक गोडी होती. मी ती चाखली आहे, म्हणून त्या पोरींना नावं ठेवत नाही.

आता माझं सांगते. त्याच दुपारी मी मैत्रिणीच्या स्टेटसवर बोट लावलं. चौकट उघडली, कोरी. मनात विहीणबाईंचं हसणं. लिहिताना मी स्वतःला सांगत होते, की हे तिच्याच भल्याचं आहे. मी लिहिलं: ‘तुमच्या जिभेची चव गेली आहे. सगळ्यांचे पापड खारट झाले.’ इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण ती चौकट थांबू देत नाही. समोर कोणाचा चेहरा नाही, ‘कावं, काय बोलून राह्यली तू?’ म्हणणारं कोणी नाही. मी पुढे लिहिलं: ‘तुमच्या घरीही तुमच्या हातची भाजी कोणी खात नाही. सून मागून दुसरी करते. आता चाखणं सोडा.’ आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर, देवाशपथ, मला हलकं वाटलं. हातपाय धुऊन मी चहा मांडला.

आडून बोलणं आमच्याकडे काही नवीन नाही. लेकी बोले सुने लागे, हे तर आम्ही आयुष्यभर केलं. पण त्यात बोलणारी समोर असायची. सुनेला भांडी आपटता यायची. इथे भांडी आपटायची तर कोणावर?

दोन दिवसांनी मैत्रिणीच्या गच्चीवर तिचेच पापड होते. पाणी उकळून निवलेलं. आम्ही चमचा पुढे केला, तर तिनं तो घेतलाच नाही. तिनं कमरेचा फोन काढला आणि माझ्या नातीपुढे धरला.

‘हे कोनं लिवलं ते काहाड बाई.’

नातीनं वाचलं. तिचं तोंड उतरलं. ‘आजी, नाव नाही दिसत. पैसे भरले तर फक्त इशारा देतात, हिंट.’

‘भर. किती का असेना.’

नातीनं नाही-नाही म्हटलं, पण बुढीपुढे तिचं काय चालणार. पैसे गेले, इशारा आला. नातीनं वाचून दाखवला: ‘लिहिणाऱ्याकडे अँड्रॉइड फोन आहे. लिहिणारी व्यक्ती महाराष्ट्रात आहे.’

आपा म्हणाली, ‘घ्या माय! मंग आख्खा महाराष्ट्रच पकडा आता!’

कोणी हसलं नाही. मैत्रीण म्हणाली, ‘अजून भर.’ पुन्हा पैसे गेले. आता कळलं, की दुपारी लिहिलं आहे. नात फोन परत देत कळवळून म्हणाली, ‘आजी, पुरे. हे नाव कधीच सांगणार नाहीत. नाव सांगितलं तर उद्या लिहिणार कोण, आणि इशारे घेणार कोण?’

तेव्हा मला त्या कंपनीचा धंदा कळला. बोलायला लावतात फुकट, ऐकायला लावतात फुकट. मग ज्याला लागलं, ज्याची झोप उडाली, त्याच्यासमोर दुकान मांडतात. माणसाला गोड बोललेलं कोणी बोललं हे नाही कळलं तरी चालतं, कडू बोललेलं कोणी बोललं हे कळल्याशिवाय त्याला घास जात नाही. गिऱ्हाईक तयार करून देणारी मी होते. तेही फुकटात.

माझं लाटणं हातात तसंच होतं. भीतीनं मी बोलून गेले, ‘मशीननंच लिवलं असंन वो. आमाले नाई का आलं हसन्याचं?’

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. ‘मशीनले माह्या घरची भाजी कशी म्हाईत?’

आणि तिची मान हळूहळू सुनेकडे वळली. सून जिन्याच्या तोंडाशी चहाची किटली घेऊन उभी होती.

‘घरातलं घरात सांगता येत नवतं तुले? शिकेल हायेस ना. दुनियेले लिवून दावतेस?’

सुनेनं एकदा फक्त माझ्याकडे पाहिलं. तिनं ते एकीलाच सांगितलं होतं. तिला त्याच क्षणी कळलं. माझ्या नावाचे दोन शब्द ती बोलली असती तर सुटली असती. ती बोलली नाही. किटली खाली ठेवली आणि खाली निघून गेली. आणि मी? मी पापड लाटला. चांगला गोल लाटला.

त्या दिवसापासून मैत्रिणीनं चूल वेगळी केली. एकाच घरात, एकाच स्वयंपाकखोलीत, दोन कोपऱ्यांत दोन शेगड्या. सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. स्वतःचं स्वतः शिजवायची, आणि चव कळत नाही म्हणून असेल की सूड म्हणून असेल, वरून मीठ घेऊन खायची. बायका किराण्याच्या दुकानात सुनेला ऐकवायच्या, ‘आमच्याबद्दल बी लिव वो बाई काहीतरी.’ मी तिथे असायची. पिशवी घेऊन बाजूला उभी. पेरण्या आटोपल्या, सोयाबीन वीतभर वर आलं, तरी मी गप्पच होते. रोज सकाळी समोरचं दार उघडायचं, आणि मी माझ्या दाराची कडी आतून चाचपत उभी राहायची.

एक दिवस मैत्रीण अंगणात चक्कर येऊन बसली. डॉक्टरांनी बीपी सांगितलं, मीठ बंद करायला सांगितलं. मीठ कोण बंद करणार, तिला तर कळतच नव्हतं. तेव्हा मी गेले. ती तुरीची डाळ निवडत बसली होती. सून आतल्या दारात.

‘ते म्या लिवलं,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘फोनवरचं. तुह्या सुनेनं नाई. म्या.’

तिची बोटं डाळीत फिरत राहिली. एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, ‘तोंडावर काहून नाई सांगतलं?’

‘तुले लागलं असतं.’

‘मंग आता नाई लागलं?’

तीच पुढे म्हणाली, ‘शिव्या देल्ल्या असत्या म्या तुले. दोन दिवस तोंड नसतं पाह्यलं. मंग आली असती.’ आणि मग तिनं तेच विचारलं, ज्याला मी इतके दिवस भीत होते. ‘पन माह्या घरात मांगून भाजी होते, हे तुले कोनं सांगतलं?’

दारातली सून हलली नाही. खरं बोलायला गेलेली मी, तिथेच पुन्हा खोटं बोलले. ‘कोनी नाई. मांगच्या दारानं आल्ती एक डाव, तवा दिसलं.’

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. ती काही भोळी नाही. ‘बरं,’ म्हणाली. ‘दिसलं असंन.’ मग आवाज चढवून आत म्हणाली, ‘सूनबाई, सांजच्या पोया माह्या बी टाक. अन् भाजीत मीठ तूच पाह्य.’

मला चहा विचारला नाही. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

सून फाटकापर्यंत आली. मी म्हटलं, ‘माफ कर बाई मले.’ ती फाटकाची कडी लावत म्हणाली, ‘तुमी येऊन सांगतलं ते लय झालं, मावशी. आता आई जेवतीन तरी.’ रागानं नाही, अगदी मऊ आवाजात. मग आत वळता वळता म्हणाली, ‘मले बोलाले एकच जागा होती.’

यंदा पापड झाले. मलाही बोलावलं, गेले. मैत्रीण लाटायला बसते, माझ्याशी हवापाण्याचं बोलते. पाणी आता आपा चाखते, आणि फार तोरा दाखवते. सून चहा आणते, आणि वयानं मोठी म्हणून पहिला कप मलाच देते. मी विचारते, ‘कशी हायेस वो बाई?’ ती म्हणते, ‘बरी आहो, मावशी.’

माहेरी केनवडला तिची आई दोन महिने अंथरुणाला खिळली होती, हे मला आपाच्या दुकानात बांगड्या भरताना कळलं.