बियाण्याच्या तेलातले कानवले

दिवाळीचा फराळ मी खात नाही म्हटलं की लोकांना वाटतं, म्हातारीला साखरेचा आजार झाला. तसं काही नाही. दात शाबूत आहेत, पोटही चालतं. सुना डबे भरून ठेवतात, आग्रह करतात, रुसतात आणि शेवटी नाद सोडतात. अलीकडे तर फराळ विकतच येतो, आणि तो बशीत मांडता मांडता मला विचारतात, तुमच्या वेळी मोगलाईत काय काय करत होते हो? सगळं करत होते, असं म्हणून मी विषय मोडते. पण एकदा सांगून टाकायला हवं. मी गेल्यावर हे सांगणारं कोणी उरणार नाही.

आमचं गाव सोनपेठच्या बाजूचं, गंगेकाठचं. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. थोरले चुलते आणि माझे वडील वेगळे निघालेले होते, तरी घरं समोरासमोर होती आणि मध्ये फक्त बोळ होता. आजी चुलत्यांकडे जेवायची, पण बसायची अशा जागी की दोन्ही चुली तिला दिसाव्यात. मी तेव्हा परकर नेसायच्या वयाची. राज्य निजामाचं, त्यालाच मोगलाई म्हणत, पण वरती काय चाललंय ते आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. आमच्यापर्यंत पोचला होता तो कंट्रोल. साखर चिठ्ठीवर, रॉकेल चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी असली तरी दुकानात माल असेलच असं नाही.

त्या वर्षी भादव्यात वडील आत्याला आणायला निघाले. आत्या सेलूकडे दिलेली, आणि महालक्ष्म्यांच्या सणाला लेकीनं माहेरी यावं असा आजीचा हट्ट. गंगेला पाणी चढलेलं होतं. नाव मधोमध गेली आणि उलटली. काही जण पोहून निघाले, काही जण खाली दोन-तीन गावं सोडून काठाला लागलेले सापडले. माझे वडील ना निघाले, ना सापडले. चुलते आणि गावचे गडी कित्येक दिवस काठाने चालत राहिले, बाभळीच्या जाळ्या काठ्यांनी उचकत राहिले. मग पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावर आले, त्यांनी पंचनामा केला आणि जाताना चुलत्यांना म्हणाले, लापता आहे.

मायला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. तो एक शब्द मात्र तिने पक्का धरला. कोणी डोळ्याला पदर लावून आली की माय सरळ सांगायची, साहेब लापता म्हणून गेलेत, मेला म्हणून न्हाई. बायका एकमेकींकडे बघायच्या. भटजींनी चुलत्यांना सांगितलं होतं की देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देता येतो, मग पुढचं सगळं रीतीने होतं. चुलत्यांनी पानंही आणून ठेवली. मायने ती उचलून त्यांच्याच दारात नेऊन ठेवली. त्यांच्या पत्रावळी करा म्हणाली.

चुलते वाईट नव्हते, आणि माझा राग त्यामुळेच कुठे जिरत नाही. आमची ज्वारी त्यांनी आपल्या तिफणीने पेरून दिली. माय आडवी आली तरी दिली. करडीचा पट्टा तेवढा राहिला, कारण करडीचं बी घरात मडक्यात होतं आणि माय मडक्याला हात लावू देईना. ज्याचं रान तो येऊन पेरील, असं तिचं म्हणणं. चुलत्यांनी दोनदा माणूस पाठवला, दोनदा तो मोकळ्या हाताने परत गेला.

मग दिवाळी आली.

आता इथे आमची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. ज्या घरातलं माणूस वर्षात गेलं, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही. तळण नाही, फराळ नाही. शेजारपाजारचे लोक मग आपल्याकडची ताटं झाकून त्या घरी पाठवतात, म्हणजे पोराबाळांच्या तोंडाला सण लागतो. एरवी शेजारचं ताट आपण कधी रिकामं परत करत नाही, चिमूटभर साखर का होईना घालतो. पण सुतकी घरातून ताट रिकामंच जातं, ते भरून घ्यायला कोणी धजत नाही. म्हणजे दिवाळीला कढई चढली नाही की गावाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

चुलत्यांनी आपल्याकडे तळण करायचं नाही असं ठरवलं. भाऊ गेला म्हटल्यावर तेही सुतकीच. मायला हे कळलं तेव्हा ती जात्यावर बसली होती. तिने पीठ गोळा केलं, जातं पुसलं आणि मला म्हणाली, आपली कढई काढ.

कढई काढायला काय लागतं. तेल नव्हतं. वडील होते तेव्हा सोनपेठच्या बाजारातून तेल यायचं. आता बाजाराला कोण जाणार आणि काय घेऊन जाणार? मायने शेजारच्या दोन बायकांकडे विचारलं. त्यांनी आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग म्हणाल्या, तुला कशाला गं त्रास, आमी पाठवतो की ताट. एकीने तर मायच्या पाठीवरून हात फिरवला. माय घरी आली ती तशीच भिंतीला टेकून बसली. इतक्या मायेने जिवंत माणसाला मारता येतं हे मला तिथे कळलं, आणि तेव्हापासून कोणी पाठीवरून हात फिरवला की माझं डोकं फिरतं.

दुपारी तिने मडकं फोडलं. फोडलंच, कारण तोंड मेणानं आणि मातीनं लिंपून बंद केलेलं होतं आणि तिला दम नव्हता. कीड लागू नये म्हणून लावलेली राख पाखडून काढली आणि ते बी फडक्यात बांधून आम्ही दोघी तेल्याकडे गेलो. तेल्याने दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि ओळखलं. वैनी, हे पेरायचं बी हाय, तो म्हणाला. मायने मान हलवली. त्याने बैल जुंपला खरा, पण घाणा फिरत असताना एकदाही आमच्याकडे बघितलं नाही. पेंड त्याची असते, मजुरी म्हणून. त्या दिवशी त्याने पेंडही आमच्याच फडक्यात बांधून दिली.

तुम्ही म्हणाल, नवरा येऊन पेरील म्हणून ज्या बियाला कोणाला शिवू दिलं नाही, तेच तिने घाण्यात घातलं, हे कसलं शहाणपण. शहाणपण नव्हतंच. नवरा जिवंत आहे हे गावाला दाखवायला तिने नवऱ्याचं रान पडीक ठेवलं. मी खूप वर्षं तिच्यावर चिडले होते. आता मला वाटतं की तिच्या हातात दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

माय चुलीपाशी बसली तेव्हा दार सताड उघडं ठेवलं होतं. वास बोळातून जावा अशी तिची इच्छा होती, आणि करडीच्या ताज्या तेलाचा वास काही लपत नाही. कानवल्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांचं, सारण गुळाचं आणि तिळाचं. खोबरं नव्हतं. मी कातणं फिरवून कडा कापत होते. तेल कढायला वेळ लागतो, कच्चट वास जाऊ द्यावा लागतो. पण मायला धीर नव्हता. पहिले कानवले तिने लवकर सोडले. ते तेलात फुटले, गूळ बाहेर आला आणि करपला. एरवी तिचा कानवला कधी फुटायचा नाही.

वासाबरोबर चुलते आले. माय त्यांच्याशी समोरासमोर बोलायची नाही, जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तसं बोलत नसत. पदर पुढे ओढून ती माझ्याकडे तोंड करून बसली. चुलते उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि तेही माझ्याकडेच बघून बोलले.

"तुझ्या मायला म्हणावं, बी जाळायलीस. माणूस गेलं, आता रान बी घालवायलीस का?"

"चुलत्याला सांग," माय म्हणाली, "रानाचा धनी आला की त्याला मी बियाणं मागून आणून दीन. माणूस गेलं आसं माज्या दारात म्हणू नका."

मी काय सांगणार. दोघं एकमेकांपासून दोन हातांवर होते आणि दोघांना सगळं ऐकू येत होतं. चुलत्यांनी खाली वाकून दारात सांडलेले करडीचे काही दाणे वेचले, धोतराच्या सोग्यात बांधले आणि गेले. माय कढईवरून उठली नाही.

पहिल्या अंघोळीला तिने मला तेल लावून न्हाऊ घातलं. स्वतः न्हाली, कपाळभर कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या मागे-पुढे करून नीट केल्या. उजाडता उजाडता ताटं यायला लागली. प्रत्येक ताटावर पांढरं फडकं. लाडू, शेव, चकल्या, अनारसे. ज्यांनी कंट्रोलची साखर साठवलेली होती त्यांनी ती आमच्यासाठी घातली होती, हे मला आजही कबूल करावं लागतं. माय ताट घरात न्यायची, त्यातलं काढून घ्यायची आणि आपले कानवले रचून माझ्या हातात द्यायची. घरोघर नेऊन दे म्हणायची. रिकामं द्यायचं नाही, आणि सांगायचं की आमच्याकडचा फराळ आहे.

मी नेऊन देत गेले. बायका ताट घ्यायच्या, पण त्यांची बोटं कडेलाच राहायची. एका घरी मी ताट देऊन निघाले आणि परकर काट्यात अडकला म्हणून कुंपणापाशी थांबले. त्या घरची बाई परसात आली आणि तिने आमचे कानवले म्हशीच्या टोपल्यात ओतले. मला पाहिलं तशी ती ओशाळली. म्हणाली, बाळा, सुतकाचं कसं खावं, तूच सांग. ती खरंच मला विचारत होती. मी बाभळीच्या काट्यातून परकर ओढला, तो फाटला, आणि मी पळत घरी आले.

मी मायला सांगितलं. सांगायला नको होतं असं मला वाटत नाही. आईला सांगायचं नाही तर कोणाला सांगायचं. तिने ऐकून घेतलं. उरलेल्या ताटांत कानवले रचायचं थांबवलं. मग त्यातले न फुटलेले, न करपलेले असे थोडे निवडले, पितळी ताटलीत ठेवले आणि म्हणाली, चल.

बोळ ओलांडून ती चुलत्यांच्या ओट्यावर चढली. भरदिवसा, सगळ्यांच्या देखत. आजी तिच्या जागेवर बसली होती. पुढ्यात पिठलं आणि भाकरी. त्या घरात सणाच्या दिवशी तेवढंच शिजलं होतं, आणि आजीने त्यातला तुकडाही मोडला नव्हता. चुलते दारात आले. मायने ताटली आजीपुढे ठेवली आणि तिच्या पायाशी खाली बसली.

"आत्याबाई, गाव खात न्हाई तर न खाऊ दे," ती म्हणाली. "तुमी त्यान्ला जन्म दिलाय. तुमी एक खा. तुमी खाल्ला तर मी कुणाला भीत न्हाई."

मी आजीच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता हिने नाही म्हटलं तर माय इथेच मरेल. आजीने कानवला उचलला, दोन्ही हातांनी मोडला आणि खायला लागली. दात नव्हते, गूळ कडक झाला होता, ती चघळत राहिली. सगळा खाल्ला. तीळही वेचून खाल्ले. मायच्या तोंडावर असं काही उजळलं की मला रडू आलं. चुलते आत निघून गेले.

आजीने तोंड पुसलं. मग आपल्या ताटातली भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि तो घास मायपुढे धरला. माणूस गेलेल्या घरात सोयरे-शेजारी भरवतात तो कडू घास, आणि तो घेतला की माणूस गेलं हे मान्य केलं; भादव्यापासून मायने तो कोणाच्याही हातचा घेतला नव्हता. बायका पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या आणि तिने सगळ्यांना दारातून परत लावून दिलं होतं.

"मी तुजं खाल्लं," आजी म्हणाली. "तुज्यासाठी खाल्लं. आता तू माजं खा, बाई. माज्याच्यानं एकटीला गिळवत न्हाई."

मायने मान फिरवली. आजीचा हात तसाच राहिला. म्हाताऱ्या माणसाचा हात, पिठलं मनगटावरून खाली ओघळलं, तरी तिने हात खाली घेतला नाही. आणि मग मायने तोंड उघडलं. घास घेतला, चावला, मोठ्या कष्टाने गिळला. आवाज करून रडली नाही. दोघी एकाच ताटात, एकमेकींकडे न बघता, भाकरी संपेपर्यंत जेवल्या. मला कोणी जेव म्हटलं नाही आणि मीही मागितलं नाही.

जेवण झाल्यावर मायने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि कपाळाकडे नेलं. आजीने तिचं मनगट धरलं.

"आज ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोरीचा सण हाय."

मायने ते कुंकू दिवेलागणीपर्यंत ठेवलं.